हातचे दोन

पहाटे पावणेचारला, सिसरोच्या कोपऱ्यावर,
मी व्हॅनची काच बाहीनं आतून पुसतो
आणि डोकी मोजतो.
मागणी बाराची. एजन्सी चौदा पाठवते.
हातचे दोन,
शाळेत बेरजेच्या डोक्यावर बारीक लिहायचे तसे.
लागले नाहीत तर मीच त्यांना परत आणतो, बिनपगारी.
भाडं मात्र दोन्ही वेळचं, आठ डॉलर.
ते मी घेतो. पेट्रोल कुणी फुकट देत नाही.

एर्मेलिंडाचा तिसरा दिवस होता.
पहिल्या दिवशी झाडू, दुसऱ्या दिवशी खोकी,
तिसऱ्या दिवशी प्रेस:
पत्रा ठेव, हात काढ, पायानं दाब,
पातेल्याचं झाकण तयार.
शिकवायला चार मिनिटं लागली,
त्यातलं एक शिकवणाऱ्याच्या फोनमध्ये गेलं.
जाळीचं दार उघडं राहिलं की मशीन थांबतं,
म्हणून तिथल्या डोळ्यावर कुणीतरी
केव्हाच चिकटपट्टी लावून ठेवलेली.

त्या दिवशी हातचा फिदेन्सियो.
माझ्या शेजारच्या सीटवर गार तामाल खात होता.
सव्वानऊला मागचं दार उघडलं,
सुपरवायझरनं एक बोट वर केलं.
एक.
फिदेन्सियो हसला. मी पाहिलं त्याला हसताना.
मक्याचं पान डॅशबोर्डवर टाकून
तो बर्फातून धावत गेला.

मग एजन्सीचा फोन:
अँब्युलन्स नको, तूच घेऊन जा,
मोठ्या हॉस्पिटलात नाही, आपल्या क्लिनिकला.

सीट अजून कोमट होती.
ती बसली, टॉवेल मांडीवर धरून,
दुसऱ्या कुणाचं तान्हं सांभाळायला दिल्यासारखा.
सिग्नलला म्हणाली,
आजचा दिवस पूर्ण धरतील का?
मी वायपर चालू केले. पाऊस नव्हता, बर्फ नव्हता.

(फिदेन्सियोनं नंतर सांगितलं,
प्रेस ओली होती, नुकती पुसलेली.
त्याला हातमोजा दिला एकच, डावा.
उजवा कुठेय, तर म्हणाले, शोधतोय.)

क्लिनिकच्या दारात तिनं खिशातून
दहाची नोट काढली, डाव्या हातानं, चाचपत.
राहू दे, असं म्हणायला हवं होतं मी.
मी दोन डॉलर सुटे मोजले
आणि पुढे केले.
तिनं घ्यायला हात पुढे केला,
सवयीनं,
उजवा.