खारीचा वाटा, किलोमध्ये

आधी तार बांधली, निंबापासून गच्चीच्या कडीपर्यंत.
मधोमध टांगलं ताट : जुन्या पातेल्याचं झाकण, तीन साखळ्या,
इतवारीतून आणलेली बाजरी, मूठभर राळे, तांदळाची कणी.
पहिल्या दिवशी चिमण्या आल्या, सात.
दुसऱ्या दिवशी आली ती.

पाठीवर पट्टे, शेपटी ताठ,
तारेवरून आली, वर्धा रोडवरच्या मेट्रोसारखी,
सरळ, वेळेवर, कुणाकडे न बघता.
अर्ध्या तासात झाकणाचा तळ दिसला
आणि त्यावर कोरलेलं माझ्या सासऱ्यांचं नाव.

एकतीस वर्षं काढली मी अंबाझरीच्या फॅक्टरीत, लेथवर.
केसाएवढा फरक पडला तर माल परत.
आता या एवढ्याशा जनावरापुढे हात टेकू?

तारेत ओवल्या सोड्याच्या रिकाम्या बाटल्या.
पाय पडला की गरकन फिरतील, असा हिशेब.
फिरल्या. एकदा पडली.
मग बाटलीच्या अलीकडूनच उडी मारली तिने :
चार फूट दोन इंच. टेप लावून मोजली मी.

तार काढली, खांब रोवला,
खांबाला पत्र्याचा शंकू, उलट्या कर्ण्यासारखा,
खाली ग्रीस.
ग्रीस तिच्या पोटाला लागलं,
पोटाचं वाळत घातलेल्या पलंगपोसाला,
आणि पलंगपोसाचं काय झालं ते बेबीनंदाने
दोन दिवस न बोलता सांगितलं.

शेजारचे गजबे म्हणाले, "तिखट टाका भाऊ,
पाखराले लागत नाही, खारीले लागते."
भिवापूरची मिरची कुटली, बाजरीला तेलाचा हात लावून चोळली.
ती आली. एक दाणा. थांबली.
दोन्ही हातांनी तोंड पुसलं,
परळातलं पाणी प्यायली,
परत येऊन बसली, आणि यावेळी बूड टेकून.
"नागपूरची हाय," गजबे म्हणाले,
"तिले का सावजी नवीन हाय?"

मध्ये कबुतरं आली. मुंगळे आले. रात्री एक घूस.
एकदा वांदरांची टोळी खांबच वाकवून गेली.
त्यांचा एवढा राग आला नाही मला.
त्यांनी माझ्या कामाकडे पाहिलंसुद्धा नव्हतं.
ही मात्र प्रत्येक नव्या जोडणीपुढे
क्षणभर बसायची, मान वाकडी करून,
इन्स्पेक्शनचे टेंभुर्णेसाहेब बसायचे तशी.
आणि मग नापास.

लोक म्हणतात खारीचा वाटा, म्हणजे थोडासा.
काट्यावर घेतला मी : किलोमागे पाऊण.
उरलेला पाव, तोही तिच्याच हातून सांडलेला,
चिमण्या खाली टिपतात.

एप्रिलात पारा त्रेचाळीसला गेला,
कूलर पुसायला घेतला, मागची जाळी काढली
तर खसाच्या ताटीआड कापूस, सुतळी,
पलंगपोसाच्या त्याच काळ्या डागाचा एक तुकडा,
आणि त्यावर तीन, गुलाबी, मिटल्या डोळ्यांचे,
माझ्या करंगळीएवढे.

जाळी लावली परत. तीनच स्क्रू, तेही सैल.
प्लगच्या भोकांवर चिकटपट्टी.

"कूलर बंद काहून?" गजबेंनी कुंपणावरून विचारलं.
म्हटलं, मोटर जळली.
"पोरगा पाठवू का? अर्ध्या तासात वाइंडिंग करून देते."
म्हटलं, नको, घरचंच काम आहे.

रात्री गच्चीवर झोपतो, अंगावर ओला पंचा.
विटा अजून तापलेल्या.
खाली खांब दिसतो, त्याचा शंकू चांदण्यात.
कोन थोडा कमी केला तर, आणि काठ आत वळवला तर...
"झोपा आता," बेबीनंदा म्हणते.

सकाळी साडेपाचला ती येते खांबापाशी.
नवा काठ बघते. मान वाकडी करते.
मी चहाचा कप
आवाज न करता खाली ठेवतो.