टिपायचं, घासायचं नाही

जालन्यात, बियाणे कंपनीच्या तिसऱ्या मजल्यावर
रात्री साडेनऊला मशीन सुरू करते.
गफारमामूंनी पहिल्याच दिवशी सांगितलं होतं :
चहा सांडला तर टिपायचा, समिंद्रे,
घासायचा नाही. घासला की खाली उतरतो,
मग कुणाच्या बापाला निघत नाही.

दारापासून मोठ्या साहेबांच्या खुर्चीपर्यंत
गालिच्यात पायवाट पडलीय,
बांधावर पडते तशी.
तिथली लव कितीही विंचरा, उठत नाही.

एप्रिलपासून शाम्पू बंद.
टँकर आठवड्याला एक, तो आधी पिण्याला.
आम्ही कोरडी पूड टाकतो,
अर्धा तास भिंतीला टेकतो, मग ओढून घेतो.

शेवटी मागं मागं सरत दाराशी येते
स्वतःच्याच पावलांवरून मशीन फिरवत.
सकाळी पहिला बूट पडेपर्यंत
या गालिच्यावर कुणीच चाललेलं नसतं.

खाली जाऊन पिशवी झटकली की निघतं :
टाचण्या, बडीशेप, कुणाच्या तरी बुटातली काळी माती,
आणि परवा एक सरकी,
गुलाबी औषध लावलेली.
फेकवली नाही.
घरी पत्र्याच्या डब्यात खोचली,
लेकराच्या हाताला लागणार नाही अशी, उंचावर.
भांड्यांचं पाणी घालते.

अजून काही नाही.