कलम अकरा

देवगड तहसीलसमोर माझं टेबल,
एका पायाखाली विटेचा तुकडा.
सव्वीस वर्षं करारनामे वाचून दाखवतोय:
बागेचे, होडीचे, वाटपाचे.
मुंबईहून आलेला हा पहिलाच,
एकोणचाळीस पानी.

रोशनी कुबल, वय तेवीस.
तारामुंबरीच्या जेटीवर ट्रॉलरची इंजिनं उघडते,
आणि उघडताना इंजिनाला ज्या शिव्या घालते
त्या कुणीतरी फोनवर धरल्या.
आता चॅनेलला ती त्यांच्या घरात हवीय,
नव्वद दिवस, शिव्यांसकट.

चॅनेलचा मुलगा मऊ बोलायचा.
आठवड्याला पंचवीस हजार, म्हणाला,
खरी कमाई नंतर. ओळख होते ना.
तिच्या आईनं, सुभद्रानं, पदर बोटाला गुंडाळला.
"ओळख आमका हय फुकट गावता. फुडचा वाच."

वाचलं.
कलम सात: मधेच सोडल्यास दहा लाख.
कलम अकरा: नाव, आवाज, चेहरा, जीवनकथा,
संपूर्ण विश्वात, कायमस्वरूपी.
"विश्वात म्हणजे?"
"ती नुसती भाषा असते, मावशी."
"नुसती भाषा, तर खोडूक काय जाता?"

मग खुर्ची पुढे ओढून ती बसली,
जशी मोहोर यायच्या आधी दरसाल
व्यापाऱ्यापुढे बसते.
"माझी अठरा कलमा आसत.
आंबो वाशीवाल्याचो. पडलो, कुसलो, तरी त्याचो.
झाड माझा.
फांदी मोडल्यान तर दंड येगळो."

मुलगा फोन कानाला लावून
तीनदा रिक्षास्टँडपर्यंत जाऊन आला.
पंचवीसाचे अडतीस झाले,
दहा लाखांचे दोन.
अकरा हलेना. वरच्यांचं आहे, म्हणाला.
मी म्हटलं, पट्ट्यालासुद्धा मुदत असते हो.
समासात त्यानं पेनानं लिहिलं: तीन वर्षं.
विश्व तसंच राहिलं.

इतका वेळ रोशनी
नखातलं ग्रीस काढत होती.
"आणि गाळी? त्यो कोणाच्यो?
माझ्या बापाशीच्यो आसत त्यो."

मुलानं पानं उलटली. पुन्हा उलटली.
शिव्यांबद्दल कुठेच काही नव्हतं.
मी चाळिसावं पान टाइप केलं,
दोन ओळींचं,
आणि दोनशे रुपये घेतले.

आता रात्री साडेनऊला ती दिसते.
तोंड उघडलं की टूं वाजतं.
सुभद्रा म्हणते, "बरा झाला.
घरच्यो घरातच रवल्यो."