वर्षाला अकरा

टॉडमॉर्डनला कालव्याकाठी, कुर्दी न्हाव्याच्या माडीवर
डेरिक ओल्डरॉइड वर्षाला अकरा अ‍ॅम्प्लिफायर बनवतो.
बारावा का नाही, मी विचारलं.
"डिसेंबरात बोटं गारठतात," म्हणाला,
आणि सोल्डरचा धूर फुंकरीनं बाजूला सारला,
चहावरची साय सारावी तसा.

मी लेस्टरहून गाड्या बदलत आलो होतो,
मांडीवर टॉवेलात गुंडाळलेला माझा आजारी अ‍ॅम्प
आणि डोक्यात नऊ वर्षांचा हिशेब:
ही केबल, ती सुई, चांदीची तार,
हप्त्यांवरचे स्पीकर.
तरी रोज रात्री वाटायचं,
गाणं अजून पडद्याआडच बसलंय,
बघायला आलेल्यांपुढे यायला लाजतंय.

त्यानं झाकण काढलं. आधी वास घेतला.
एक कपॅसिटर उपटून माझ्या तळहातावर ठेवला,
किडकी दाढ दाखवावी तसा.
"एवढंच."

नवा बसवला. मग तबकडी लावली,
कुठल्याशा खाणगावचा ब्रास बँड.
मी डोळे मिटून, जाणकार चेहऱ्यानं म्हटलं,
वाहवा, वरचे स्वर किती स्वच्छ!
"असतील," तो म्हणाला.
"सात हजारांच्या वरचं मला ऐकू येत नाही.
कान गिरणीत गेले. मागांचा खडखडाट, सोळाव्या वर्षापासून."

मला काय बोलावं सुचेना.
मग तुम्हाला यातलं काय ऐकू येतं?
त्यानं खिडकीबाहेर पाहिलं.
लॉकमध्ये एक लांबट नाव पाणी भरायची वाट बघत होती,
नावाडी पाव खात उभा, घाई कुणालाच नाही.
"उरलेलं," ओल्डरॉइड म्हणाला.
"पुष्कळ आहे ते."

पावणेचारला जिना धडधडला.
न्हाव्याची पोर, शिलान, शाळेचा टाय दप्तरात कोंबून आली.
न विचारता डबा उघडला, बिस्कीट घेतलं,
स्टुलावर बसून मान तिरकी केली.
झांजा वाजल्या. तिनं चावणं थांबवलं.
आम्ही दोघे म्हातारे तिच्या तोंडाकडे बघत.

"ठीक," ती म्हणाली,
आणि उरलेलं बिस्कीट चहात बुडवलं.

त्यानं स्क्रू आवळले.
नऊ वर्षांत माझ्या खोलीत
हा शब्द कुणी उच्चारला नव्हता.

पाकिटात बिल अजून आहे.
कपॅसिटर, एक. मजुरी, अर्धा तास.
तपासणी: शिलान.
त्यापुढे रकमेच्या जागी, वळणदार अक्षरात,
एक बिस्कीट. दिलं.