कोपऱ्यातून कोपऱ्यात

टीव्ही कोपऱ्यातून कोपऱ्यात मोजतात
हे मला बावन्नाव्या वर्षी कळलं.
पंच्याहत्तर इंची म्हणजे रुंदीला पाच फूट पाच,
म्हणजे मी.
राजनंदिनी म्हणाली, पप्पा, झोपा की भिंतीला लागून,
आणि टाचेपाशी एक, टाळूपाशी एक
पेन्सिलीची खूण केली तिनं फरशीवर.
हिची आई आतून ओरडली, हार आणू का?

मग भिंतीवर खाकी चिकटपट्टीचा चौकोन.
आठवडाभर आम्ही त्या रिकाम्या चौकोनाकडं बघत जेवलो.
पोरीला त्यात बर्फ दिसायचा, बंदुका,
आणि ती गाडी, जी ती आत्ता मोबाईलवर
दोन अंगठ्यांच्या मधल्या चार बोटं जागेत पळवते.
मला दिसायची मॅट,
रेडर आत शिरला की साखळी कशी मिटत येते ते, वरून.
आमच्या वेळी माती होती.
बघणाऱ्याला दिसायची धूळ
आणि पंचाचा हात.

आरवाडेंच्या दुकानात सगळे पडदे
एकाच वेळी एकच पोपट दाखवत होते.
तिथला पोरगा म्हणाला, काका, काळा बघा, किती काळा आहे.
मी काळा बघितला.
नंदिनीनं हर्ट्झ विचारले, मग विचारलं
बटण दाबल्यापासून माणूस उडी मारेपर्यंत
किती मिलिसेकंद जातात.
हे मात्र मला लगेच समजलं.
माझा गुडघा तेवढ्याच वेळात गेला,
कवठेपिरानला, शेवटच्या चढाईत.
मी उडी म्हणालो,
पायानं जरा उशिरा ऐकलं.

आमच्या भिंतीवर अजून एक रेघ आहे,
ती कुणी पेन्सिलीनं काढलेली नाही.
एकोणीस सालची. माझ्या भुवयांना लागते.
दोनदा रंग दिला, तरी श्रावणात
चहाच्या कपाला कड उरते तशी वर येते.
आता नंदिनीचं म्हणणं,
पडद्याचा मध्य बसलेल्या माणसाच्या डोळ्यासमोर हवा.
म्हणजे अख्खा टीव्ही रेघेखाली.
रेघेच्या वर टांगला
तर देवळात कळस बघतात तसा बघायचा,
आणि मानेचा डॉक्टर मिरजेला.

म्हणून दुकानात मी एकच विचारलं,
हा खाली काढायला किती वेळ लागतो?
पोरगा म्हणाला, लावायला आमचा माणूस येतो की काका.
लावायला नाही रे. काढायला.
तेव्हा गल्ल्यावरून स्वतः आरवाडे उठले.
पोपटांच्या मधोमध त्यांचा एक खांब आहे,
डोक्याएवढ्या उंचीपर्यंत सनमायका मारलेला,
त्याच्यावर नाही.
दोघं असाल तर चार मिनिटं, म्हणाले.
जिना केवढा आहे?

तिथून पुढं सगळं जिन्यावर आलं.
फ्रिजचा पुठ्ठा मापात कापून आम्ही जामवाडीत
भर दुपारी गच्चीवर चढवायला लागलो,
ती वर, मी खाली.
पंच्याहत्तर वळणावर अडला.
उभा केला, तिरका केला, जरा दुमडला.
पप्पा, पुठ्ठा वाकतो, म्हणाली ती, पडदा नाही वाकत.
शेजारच्या काकू दारात येऊन बघत होत्या,
त्यांनी काही विचारलं नाही.
पासष्टचा गेला,
कठड्याला घासून, पण गेला.

पासष्ट घेतला, बारा हप्त्यांवर.
फरशीवरच्या खुणा तशाच आहेत.
टाचेपासून धरलं तर तो माझ्या गळ्यापर्यंत येतो.
रात्री त्याच्यात मी रेडरचे पाय बघतो,
ते कुठं फसणार हे त्याच्या आधी मला कळतं.
नंतर रिमोट पोरीकडं.

काल आयर्विनला सव्वीस फूट होतं.
सव्वीस म्हणजे काहीच नाही, सांगलीत सव्वीसला
कुणी छत्रीसुद्धा उघडत नाही.
तरी नंदिनीनं खेळ मध्येच थांबवला,
मोबाईलवर घड्याळ लावलं,
पप्पा, चला एकदा.

तीन मिनिटं चाळीस सेकंद.
गुडघ्यासकट.