शैक्षणिक पात्रता

अर्जातल्या त्या रकान्यात
मी बी.ए., इतिहास, असं लिहिते
आणि थोडा वेळ तिथंच थांबते,
अनोळखी लग्नात पंगतीला बसल्यासारखी.

विडी घरकुलात आमच्या दोन खोल्या.
लॅपटॉप मामेभावाचा जुना,
बॅटरी नावापुरती.
लाईट गेली की ओळी गेल्या.
पहिले चार महिने मी एवढंच शिकले:
दर दोन मिनिटांनी सेव्ह करणं.
बाकी सगळं नंतर.

समोर अम्मा, मांडीवर सूप.
पान कापते, तंबाखू भरते, वळते,
नखानं तोंड मिटते, दोरा गुंडाळते.
हजाराची तिची मोजणी चुकत नाही.
माझी मात्र एक अख्खी रात्र गेली
मोजणी एकापासून की शून्यापासून, यात.
"शून्यापासून कोण मोजतं गं?"
तिनं तेलुगूत विचारलं.
तेव्हा उत्तर येत नव्हतं. आता येतं,
तिला अजून पटलेलं नाही.

नान्ना साखर पेठेतल्या एका शेडमध्ये
जेकार्डचे पुठ्ठे पंच करायचे.
आलेखाच्या कागदावर मोर,
चौकटीमागून चौकट वाचत जायचं:
इथं भोक, इथं नाही.
भोक म्हणजे दोरा वर.
एक चुकलं तर चादरभर
प्रत्येक मोराची मान मोडलेली.
हे मी पुण्याच्या मुलाखतीत सांगितलं नाही.
फार गोड झालं असतं.
आणि त्यांचं काम गेलं ते कॉम्प्युटरमुळंच,
हेही मग सांगावं लागलं असतं.

"डेटा स्ट्रक्चर्स कॉलेजला होतं?"
"नाही सर. कॉलेजला पेशवाई होती."
एक जण हसला. दुसऱ्यानं माईक बंद केला.
सात ठिकाणांहून नकार आले, सगळे सारखेच नम्र.
आठव्यानं तेवढेही कष्ट घेतले नाहीत.

शेवटी सात रस्त्याजवळ,
झेरॉक्सच्या दुकानावर, चार खुर्च्यांचं ऑफिस.
चिलवेरी सर स्वतः बी.कॉम.
रकान्याकडं त्यांनी पाहिलंच नाही.
म्हणाले, "टॉवेल कारखान्याचं पगारपत्रक आहे.
कधी बरोबर येतं, कधी नाही. शोध."

दोन दिवस लागले.
ज्या आठवड्यात महिना संपतो
त्या आठवड्यात खाड्याचे पैसे दोनदा कापले जात होते.
तीन वर्षं.
सर म्हणाले, "कुणाच्याच लक्षात कसं आलं नाही?"
कामगारांच्या आलं होतं.
दर वेळी खिडकीशी उभं राहून ते सांगत होते,
आणि खिडकीतला माणूस म्हणत होता,
कॉम्प्युटर कसा चुकेल?

दुरुस्ती एका ओळीची.
ती लिहिताना हात कापले, कबूल करते.
त्यानंतरची माझी बरीच ओळ
सरांनी लाल करून परत पाठवली.

घरी आले तर अम्मा कारखान्यावरून नुकतीच परतलेली.
"छाट किती तुझी?" तिनं विचारलं.
चाळीस ओळी, म्हटलं.
"माझी साठ विड्या. पानंच वाईट दिलेली."
मग पदर खोचला, सूप ओढलं,
माझ्याकडं बघत मुद्दाम मोठ्यानं म्हणाली,
शून्य,
आणि पहिली विडी वळायला घेतली.