शब्दाला अर्धा सेंट

'हात' लिहिला की अर्धा सेंट.
'थंडगार हात', एक.
'थंडगार, गिळगिळीत, मनगटापाशी तुटलेला हात' : अडीच,
आणि अजून तो खिडकीपर्यंत पोचलेलासुद्धा नाही.

असा हिशेब मांडत लिओटा क्विम्बी टाइप करते
डुलुथच्या टेकडीवर, भाड्याच्या माडीत,
बोटं कापलेले लोकरी मोजे घालून.
खाली सरोवराचा पत्रा झालाय.
लोखंडाची जहाजं धक्क्याला, कंपनीचं ऑफिस बंद,
तिथली तिची खुर्ची कुणी लिलावात नेली.
आता पाव चौदा शब्दांना.
बादलीभर कोळसा, पन्नास.
आठवड्याचं भाडं, सहाशे;
म्हणून तर तळघराला इतक्या पायऱ्या,
म्हणून एकेक पायरी ओली, शेवाळलेली, करकरणारी
(दगडी पायरी करकरते का? करकरते. अर्धा सेंट.)

मासिकावर नाव डॉक्टर सायरस व्हेन यांचं,
ज्यांनी हे सगळं स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं.
डॉक्टरांना पत्रं येतात.
ओक्लाहोमातला एक न्हावी विचारतो,
मेल्यावरही नखं वाढतात, हे खरं का?
लिओटा उत्तर धाडते :
वाढतात. मी दर मंगळवारी कापतो.

चित्र आधी येतं, गोष्ट नंतर.
न्यूयॉर्कहून या खेपेला आलेलं मुखपृष्ठ :
मेजाला बांधलेली बाई, पिवळा सॅटिनचा झगा
नेमका फाटायला हवा तिथेच फाटलेला,
सुई उगारलेला कुबडा,
भिंतींवर हिरवा उजेड, आणि कोपऱ्यात ऑक्टोपस.
संपादकाची चिठ्ठी : ऑक्टोपस कुठून आला ते तू बघ.
शुक्रवारपर्यंत.

घरमालकीण गुड्रून ट्वेट. विधवा. लुथरन.
रविवारी पुढच्या बाकावर, पाठ ताठ.
असल्या कागदांना ती एकच शब्द वापरते : घाण.
माडीवरची केराची टोपली रोज स्वतः खाली नेते,
चुरगळलेली पानं चुलीत घालायला.
पण हल्ली चूल पेटते ती चर्चच्या पत्रकांवर.

भाडं दोन आठवडे थकलं.
बुधवारी रात्री वारा पडला, घर गप्प झालं,
आणि जिन्यावर पाऊल वाजलं.
एक.
मग बराच वेळ काहीच नाही.
मग दुसरं, जड, फरफटत आल्यासारखं.
लिओटाचे हात यंत्रावर तसेच थांबले.
दाराची मूठ आपोआप फिरली,
फटीतून मेणबत्ती आली, मागून पांढरी वेणी.

भाडं, लिओटा म्हणाली, शुक्रवारी नक्की —

ते राहू दे.
गुड्रूनने दार लोटलं. आवाज अगदी खाली आणला,
शेजारी झोपलेला पाद्री जागा होईल तसा :
अकराव्या पानावर पाण्यात काहीतरी हललं.
बारावं पान टोपलीत नाही.

बारावं अजून लिहायचंय.

मग लिही, म्हणाली, आणि ट्रंकेवर बसली,
मांडीवर विणकाम, पायाशी कॉफीची किटली.

लिओटा लिहीत गेली, मोठ्याने म्हणत.
सोंड आली. बुळबुळली. मेजाचा पाय चाचपला.
सुया थांबल्या.
सोंड बाईच्या घोट्याशी आली.
गुड्रूनने पाय वर घेतले, दोन्ही,
साठीच्या बाईने, ट्रंकेवर, पोरीसारखे,
आणि तोंडावर लोकरीचा गुंडा दाबला.
हसत होती की किंचाळत होती कळेना,
बहुधा तिलाही नाही.

कुबड्याला आधी खाऊ दे, ती म्हणाली.
हळूहळू.

हळूहळू म्हणजे जास्त शब्द.
लिओटाने नवा कागद चढवला.

दीड वाजता ती खाली गेली.
मागच्या दाराची कडी लागल्याचा आवाज आला.
मग कोठीच्या खिडकीची.
मग बऱ्याच वेळाने
एक गंजलेला अडसर किरकिरत सरकला,
जो या घरात कुणी कधी लावलेला
लिओटाने ऐकला नव्हता.